मार्चमध्ये संपणारा हप्ता

प्रश्न विचारणाऱ्यांनी थोडक्यात असं लिहिलंय: वय ३२, ऐरोलीला भाड्याने राहतात, नवरा-बायको दोघंही नोकरीला, हातात येणारा पगार मिळून ६८,००० रुपये, तीन वर्षांची मुलगी. बाहेरचा चहा बंद केला, वडापाव बंद केला, मॉलला जाणं बंद केलं, त्यावरून घरात रोज कुरबुर होते, तरी २० तारखेनंतर खडखडाट. शेवटी विचारलंय, "साधी माणसं काटकसर करून खरंच पैसा उभा करतात का, की हे नुसतं सांगण्यापुरतं असतं?"

करतात. मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि एखाद्या घरात नाही, बऱ्याच घरांत. पण तुम्ही ज्या प्रकारे करताय तशी करून नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी गेली २६ वर्षं पोस्टाची एजंट आहे, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची. कळवा, खारेगाव, विटावा आणि पुढे दिघा-ऐरोलीपर्यंत माझी घरं आहेत. दर महिन्याला घरोघर जाऊन आरडीचे, म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या खात्याचे, पैसे गोळा करायचे, कार्डावर सही करायची, लिस्ट करून पोस्टात भरायचे, हे काम. आधीच सांगून ठेवते, आरडीच्या जमेवर मला ४ टक्के कमिशन मिळतं. ते सरकार देतं, खातेदाराच्या पैशातून कापलं जात नाही. तरीही मी आरडीबद्दल चांगलं बोलले तर हे लक्षात ठेवून वाचा. पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निधी, त्यावरचं कमिशन २०११ मध्ये बंद झालं, त्यामुळे पीपीएफबद्दल जे लिहीन त्यात माझा काही फायदा नाही.

या कामात एक गोष्ट दिसते जी बँकेतल्या माणसालाही दिसत नाही. एकाच घरात मी महिन्यातून एकदा, वीस-वीस वर्षं गेले आहे. पगार वाढताना पाहिले, कंपन्या बंद पडताना पाहिल्या, पाळण्यात होती ती मुलं आता स्वतःच्या नावाची कार्डं घेऊन बसतात. कुठल्या घरात पैसा उभा राहिला आणि कुठल्या घरात आला तसा गेला, याचा हिशोब माझ्या वह्यांमध्ये आहे.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही दिलेले आकडे मी कागदावर मांडले. भाडं १९,०००. गावी आई-वडिलांना ६,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून १३,०००. मुलीच्या प्लेग्रुपची फी ३,५००. वीज, इंटरनेट, मोबाइल ३,०००. जाण्यायेण्याचे २,५००. बाइकचा हप्ता ५,२००. बेरीज होते ५२,२००. पगार ६८,०००. म्हणजे १५,८०० रुपये असे आहेत ज्यांचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. तुम्ही लपवलेत असं मी म्हणत नाही. ते कुठे जातात हे बहुतेक तुम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

आता चहाचा हिशोब करा. दिवसाला दोन चहा, १५ रुपयांप्रमाणे, महिन्याचे २५ दिवस: ७५० रुपये. भांडण ७५० रुपयांवरून चाललंय आणि १५,८०० रुपयांची कुणी चौकशीच करत नाही. चहा उद्यापासून सुरू करा. खरंच सांगते. ज्या काटकसरीने घरात रोज तोंडं वाकडी होतात ती तीन महिन्यांच्या वर टिकत नाही. जानेवारीत उत्साहाने ५,००० ची आरडी उघडून एप्रिलमध्ये "या महिन्याला राहू द्या काकू" म्हणणारी घरं मला दर वर्षी भेटतात. पोस्टाच्या आरडीत चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, आणि पुढच्या दोन महिन्यांत ते चालू करून घेतलं नाही तर पुढे पैसे भरताच येत नाहीत. अशी खंडित खाती मी पाहिली, त्यात १०० आणि ३०० रुपयांची फार कमी होती. ऐपतीबाहेर उडी मारून उघडलेली जास्त होती.

पण तुमच्या प्रश्नात माझी नजर अडकली ती दुसऱ्याच वाक्यावर. तुम्ही सहज लिहून गेलात, "बाइकचा हप्ता मार्चमध्ये संपतोय, मग जरा मोकळं वाटेल." तुमचा खरा प्रश्न या वाक्यात आहे. मार्चनंतर दर महिन्याला मोकळे होणारे ५,२०० रुपये कुठे जाणार, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. आणि न ठरवलेल्या पैशाचं काय होतं ते त्या १५,८०० वरून दिसतंच आहे.

माझ्या अनुभवात बचत रोजच्या रोज ठरत नाही. ती वर्षातल्या एक-दोन दिवशी ठरते. पगार वाढतो तो महिना. कुठला तरी हप्ता संपतो तो महिना. बोनस येतो तो दिवस. मुलाची क्लासची फी थांबते तो महिना. आणि सगळ्यात मोठा दिवस म्हणजे आरडीचे साठ हप्ते पूर्ण होऊन रक्कम हातात येते तो. बाकीचे दिवस माणसाने नीट जगावं, चहा प्यावा, मुलीला फुगा घेऊन द्यावा. पण या मोजक्या दिवशी घट्ट राहायचं असतं, आणि लोक नेमके त्याच दिवशी सैल होतात.

कळव्यातल्या एकाच चाळीतली दोन घरं सांगते. नावं सांगत नाही, ओळखू येईल असंही काही सांगत नाही.

पहिल्या घरात नवरा बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत फिटर, बायको पोळी-भाजीचे डबे करायची. २००४ साली तिने ५०० रुपयांची आरडी उघडली. मी जायचे तेव्हा तिचे दोन्ही हात कणकेत असायचे. ती मानेनेच फळीवरचा तांदळाचा डबा दाखवायची. झाकण काढलं की वर रुमालात बांधलेल्या नोटा, पन्नासाच्या, शंभराच्या, कधी दहाच्याही, आणि त्यांच्याखाली कार्ड. नोटांना तांदळाची भुकटी लागलेली असायची. मी मोजायचे, कार्डावर सही करायचे, कार्ड परत डब्यात ठेवायचे. तिला हात धुवायलाही लागायचा नाही. डब्यांचे पैसे आले की आधी ५०० त्या रुमालात, मग बाकीचं घर. हा तिचा नियम.

दुसऱ्या घरात पगार जास्त होता. नवरा एका सरकारी खात्यात, वरकमाई नाही, सरळ माणूस. त्यांची आरडी २,००० ची. म्हणजे पहिल्या घराच्या चौपट.

२००९ मध्ये दोन्ही खाती एकाच महिन्यात पूर्ण झाली. तेव्हा दर साडेसात टक्के होता. पहिल्या घराला ३६,४४५ रुपये मिळाले, दुसऱ्या घराला १,४५,७८०.

दुसऱ्या घरात त्या पैशांचे सोफा, कपाट आणि मोठा टीव्ही आला, उरलेल्यातून गावच्या घराचं छप्पर झालं. छपराबद्दल माझी तक्रार नाही, ते लागणारच होतं. पण पुढची आरडी "जरा सावरल्यावर उघडू" म्हणून दीड वर्ष उघडली गेली नाही. मग उघडली ती तीन वर्षांतच मोडली, भाच्याच्या लग्नात आहेर मोठा करायचा म्हणून. तीन वर्षांनी आरडी मोडली की व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पुढेही तसंच होत गेलं. त्या घराने माझ्याकडे एकूण जेवढे पैसे भरले ते थोडेथोडके नव्हते, पण आज त्यातलं काही शिल्लक नाही.

पहिल्या घरातली बाई ज्या दिवशी पैसे घ्यायला पोस्टात आली तो दिवस मला लख्ख आठवतो. तेव्हा सगळं काउंटरवर व्हायचं. सही जुळली नाही म्हणून तिला तीनदा सही करायला लावली, ती घामाघूम झाली. बाहेर आलो तर शेजारीच साड्यांचा सेल लागलेला होता. तिने एकदा तिकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, कारण मी आदल्या दिवशीच दोन फॉर्म भरून पर्समध्ये ठेवले होते. एक ३६,००० रुपये पुन्हा ठेवण्याचा, दुसरा नव्या आरडीचा. तिला म्हटलं, "वरचे ४४५ तुझे. आज त्याचं काय हवं ते घे." तिने मुलांसाठी खाऊ घेतला, स्वतःला बांगड्या घेतल्या, आणि नवी आरडी १,५०० ची उघडली. डबे वाढले होते, परवडत होतं.

२०१४ मध्ये त्या आरडीचे १,०९,३३५ आले. ते तसेच ठेवले, नवी आरडी ३,००० ची. २०१९ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास आले, नवी ५,००० ची. ती २०२४ मध्ये संपली तेव्हा साडेतीन लाखांच्या वर होते. वीस वर्षांत तिने खिशातून भरले ६ लाख. मधल्या रकमा न मोडता व्याजासह पुढे ढकलत गेल्यामुळे आज तिच्याकडे दहा लाखांच्या वर आहेत. शिवाय नवऱ्याचा पीएफ त्यांनी कधी मध्ये काढला नाही, त्यातून घणसोलीला एक खोली झाली, आणि डोक्यावर कर्ज नाही. ठाण्याच्या आजच्या भावात दहा लाख म्हणजे काही मोठी श्रीमंती नाही, हे मला कळतं. पण ज्या बाईने डब्यांवर सुरुवात केली तिच्या मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी कुणापुढे हात न पसरता भरली गेली. माझ्या लेखी ही संपत्ती आहे.

दोन घरांतला फरक मी खूपदा मनाशी तपासून पाहिलाय. पहिली बाई जास्त कंजूष नव्हती. तिच्या घरी मला कधी चहा मिळाला नाही असं झालं नाही. फरक २००९, २०१४ आणि २०१९ या तीन दिवसांचा होता.

हे सगळ्यांना लागू पडत नाही, तेही सांगायला हवं. ज्या घरात दोन वेळचं जेमतेम भागतं तिथे काटकसरीवर भाषण देणं म्हणजे अपमान आहे. लोकमान्यनगर भागातल्या घरकाम करणाऱ्या काही बायका माझ्याकडे महिन्याला १०० रुपये भरतात, आरडीत तेवढ्यापासून चालतं. त्यांच्यासाठी ती संपत्ती नाही, अडीअडचणीचा आधार आहे, आणि बारा हप्ते झाले की जमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, म्हणजे सावकाराच्या दारात जावं लागत नाही. त्यांना आधी जास्त मजुरी हवी. घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल, नोकरी कंत्राटी असेल, कमावणारा एकच आणि खाणारे सात असतील, तर माझं गणित कोलमडतं. तुमच्याकडे दोन पगार आहेत, दोघंही धडधाकट आहात, कर्ज फक्त बाइकचं आहे. म्हणून तुम्हाला इतकं स्पष्ट लिहिते.

आता ते १५,८०० रुपये. मी तुमच्या घरी आलेले नाही, पण अशा पगाराच्या घरांत हे पैसे साधारण कुठे जातात ते सांगू शकते. एक म्हणजे मोबाइलवरून मागवलेल्या वस्तू, दहा मिनिटांत येणाऱ्या. एका वेळी दोनशे-तीनशेच जातात, म्हणून त्याला कुणी खर्च समजत नाही. बँकेचं स्टेटमेंट काढा, तीन महिन्यांचं, आणि पेन घेऊन दोघांनी बसून फक्त त्याच ओळींखाली रेघा मारा. कुणी केला ते विचारू नका, फक्त बेरीज करा.

दुसरी गोष्ट मोठी आहे. दर वर्षी येणारा खर्च लोक अचानक आलेला खर्च समजतात. गणपतीला गावी जाणं, दिवाळीचे कपडे, जूनमधली शाळेची फी आणि दप्तर-गणवेश, गाडीचा विमा, मे महिन्यातली दोन-तीन लग्नं आणि त्यांचे आहेर. यातलं अचानक काहीही नाही. गणपती दर वर्षी येतो. पण ऑगस्ट उजाडला की घरात धावपळ, क्रेडिट कार्डावर तिकिटं, आणि मग त्याचं व्याज. कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. आरडीवर वर्षाला जेवढं मिळतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास कार्ड एका महिन्यात घेतं. माझ्या जुन्या खातेदारांपैकी एक वहिनी वर्षाच्या सगळ्या खर्चांची यादी करून बेरजेला बाराने भागते आणि तेवढ्या रकमेची एक वर्षाची आरडी बँकेत चालवते. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, म्हणून या कामाला बँकेची बरी. त्यात माझं कमिशन बुडतं, पण तिचं घर शांत राहतं. तुम्हीही असंच करा. तुमचा आकडा ३,००० च्या पुढे जाणार नाही असं वाटतं.

बाकी काटकसर कुठे करायची याचं उत्तर छोटं आहे. भाडं, वाहन, लग्नसमारंभ आणि मोबाइल. या चार गोष्टींत एकेक निर्णय वर्षानुवर्षं पैसे वाचवतो, रोज जीव मारावा लागत नाही. स्टेशनजवळचा वन बीएचके सोडून रिक्षाने दहा मिनिटं आत गेलात तर भाड्यात जे वाचेल ते तुमच्या वर्षभराच्या चहापेक्षा जास्त असेल. मात्र रिक्षाचे पैसे त्यातून वजा करून बघा, आणि बायकोला संध्याकाळी घरी यायला उशीर होणार असेल तर हा फायदा घेऊ नका. धान्य, तिखट, हळद एप्रिल-मेमध्ये वर्षाचं भरणारी घरं अजून आहेत. जांभळी नाक्यावरून किंवा वाशीच्या मार्केटमधून चार घरांनी मिळून आणलं तर पैसे वाचतात, पण ऐरोलीच्या छोट्या फ्लॅटमध्ये ठेवायची जागा आणि पोरकिडे यांचा विचार आधी करा. सोनं घ्यायची हौस असेल तर दागिना कमी आणि वेढणी, म्हणजे साधी वळी, जास्त, घडणावळ वाचते.

पैसे ठेवायचे कुठे, हे मुद्दाम नंतर सांगतेय. लोक दर अर्धा टक्का कुठे जास्त मिळेल यावर महिनोन् महिने घालवतात आणि मुद्दल मात्र तिथल्या तिथे राहते.

पहिल्यांदा तीन महिन्यांचा खर्च, तुमच्या बाबतीत दीड-पावणेदोन लाख, अशा ठिकाणी हवा की मध्यरात्री हॉस्पिटलला लागले तर निघतील. त्यासोबत दोघांचा आरोग्य विमा, कंपनीचा असला तरी वेगळा. आणि मुलगी लहान आहे तोवर कमावणाऱ्या दोघांचा साधा टर्म विमा, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही आणि म्हणूनच तो स्वस्त असतो. विमा आणि बचत एकत्र करून देणाऱ्या योजना घेऊन फसलेली बरीच माणसं माझ्या ओळखीची आहेत.

मग पीपीएफ. १५ वर्षांची मुदत, वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख, दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे. १९९९ पर्यंत हाच दर १२ होता, म्हणून जुनी माणसं आता नाक मुरडतात. तरी महिन्याला ५,००० भरलेत तर १५ वर्षांत ९ लाख भरून पावणेसोळा लाखांच्या आसपास होतात, सरकारी हमीने, आणि व्याजावर कर नाही. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सगळ्यात कमी शिल्लकेवर धरतात, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरायचे. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं, त्याचा दर सध्या ८.२ टक्के आहे. पोस्टाच्या आरडीवर सध्या ६.७ मिळतात. नोकरी बदलाल तेव्हा पीएफ काढू नका, नव्या कंपनीत वर्ग करून घ्या. पंचविशीत काढलेले साठ हजार कुणाला आठवत नाहीत, पन्नाशीत मात्र त्यांची जागा रिकामी दिसते.

शेअर बाजार हे माझं क्षेत्र नाही, तिथे मी कुणाला सल्ला देत नाही. माझ्या खातेदारांची मुलं म्युच्युअल फंडात एसआयपी करतात, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकतात, आणि दहा-पंधरा वर्षं हात न लावता ठेवलेल्यांचं भलं झालेलं मी पाहिलंय. नुसत्या पोस्टावर राहिलं तर महागाई व्याजाचा मोठा भाग खाऊन टाकते, हेही खरं. पण २००८ साली सेन्सेक्स जानेवारीत २१,००० ला होता, ऑक्टोबरात ९,००० च्या खाली गेला. तेव्हा घाबरून सगळं विकलेली दोन घरं माझ्या यादीत आहेत. मुलीचं कॉलेज पंधरा वर्षं लांब आहे, तेव्हा त्यातला काही भाग तिकडे टाकायला हरकत नाही. पुढच्या तीन वर्षांत लागणारा एक रुपयाही टाकू नका.

एक सावधगिरी माझ्या स्वतःच्या घरातली. २००१ साली माझ्या नवऱ्याला कंपनीतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, मिळाली. तेव्हा वागळे इस्टेटमध्ये आणि बेलापूर रोडला एकेक गेट बंद होत होतं, आणि प्रत्येक बंद गेटबाहेर जादा व्याज देणारे लोक उभे असायचे. आमच्या ओळखीच्या एकाने पतपेढीत पैसे ठेवायला सांगितले, पोस्टापेक्षा साडेतीन टक्के जास्त. मी पोस्टाची एजंट असून दीड लाख तिथे ठेवले. अडीच वर्षांत शटर बंद झालं. त्यातले ३०,००० आठ वर्षांनी मिळाले, बाकी गेले. शटर बंद झालं त्या रात्री नवरा जेवला नाही, ते अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून सांगते, बँकेतल्या ठेवीला आज ५ लाखांपर्यंत विमा आहे, पूर्वी तो १ लाख होता, २०२० मध्ये वाढला. पतपेढीतल्या ठेवीला तो विमा नाही. चांगल्या चालणाऱ्या पतपेढ्या आहेत, पण जिथे सगळे पैसे जाऊ शकतात तिथे आयुष्याची पुंजी ठेवायची नाही. नात्यातल्या कुणाच्या कर्जाला जामीन राहतानाही हाच विचार करा. जामिनाची सही म्हणजे स्वतः घेतलेलं कर्जच असतं.

अजून एक बदल अलीकडे दिसतो. पूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये कर वाचवण्यासाठी लोक माझ्या मागे लागायचे. आता नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही आणि बचतीवर मिळणारी ८०सी ची करसवलतही नाही, तर ती धावपळ थांबली आणि त्यासोबत बचतही थांबली. पगारी माणसं म्हणतात, आता कशाला भरायचं? करासाठी म्हणून होणारी बचत शेवटी त्यांच्याच घरात राहत होती, ही गोष्ट विसरली गेलीये. तुमच्याही बाबतीत असं झालं असेल तर तपासा.

तुमच्या बायकोबद्दल प्रश्नात फक्त पगाराचा आकडा आहे, २२,०००. बहुतेक घरांत बायकोचा पगार "वरखर्चाला" जातो आणि नवऱ्याच्या पगारातून बचत होते, म्हणजे सगळी खाती नवऱ्याच्या नावाने. माझं कळकळीने सांगणं आहे, एक तरी खातं तिच्या नावाने असू द्या, पासबुक तिच्याजवळ असू द्या. भावनेपोटी म्हणत नाही. ज्या घरांत बाईच्या नावावर पैसा आहे तिथे तो सहसा मोडला जात नाही, हे माझ्या वह्या सांगतात. आणि नवरा अचानक गेला तर वारसाचे कागद होईपर्यंत घर चालवायला तिच्याकडे काही असतं. असं घर मी कोविडच्या दोन वर्षांत एकदा नाही, अनेकदा पाहिलं.

घर विकत घ्यावं का, हे तुम्ही ओझरतं विचारलंय. आत्ता नाही. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २६,००० च्या वर जातो, तुमच्या भाड्यापेक्षा ७,००० जास्त, आणि त्याआधी स्वतःचे पैसे घालायचे ते वेगळेच. पाच वर्षं हप्ता भरण्याची सवय आधी स्वतःच्या खात्यात लावा. पुढे कर्ज घेतलंत तर वर्षाला एक हप्ता जादा भरा, २० वर्षांचं कर्ज साडेतीन वर्षं आधी फिटतं.

तर आता करायचं काय. स्टेटमेंटवर रेघा मारायचं काम या रविवारी करा. त्यातून सुटतील ते पैसे वर्षाच्या खर्चाच्या आरडीला आणि अडीअडचणीच्या गंगाजळीला. मार्चमध्ये बाइकचा शेवटचा हप्ता जाईल. त्याच आठवड्यात, एप्रिलचा पगार हातात पडायच्या आत, तुमच्या जवळच्या पोस्टात बायकोच्या नावाने ५,२०० रुपयांची आरडी उघडा. ५,००० नको, ५,२००. नॉमिनी म्हणून तुमचं नाव. आजच्या दराने पाच वर्षांनी ३ लाख ७१ हजार रुपये होतील, तेव्हा मुलगी आठ वर्षांची असेल. हप्त्याची तारीख बाइकची होती तीच ठेवा. त्या तारखेला ५,२०० रुपये बाजूला पडले तरी घर चालतं, हे तुम्ही इतके महिने करून दाखवलेलंच आहे.